लाईट गेली का?

"ताई, लग्नाला ११ वर्षं झाली. कांजूरमार्गला वन बीएचकेत आम्ही चौघं राहतो. मी, नवरा, आठ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासूबाई हॉलमध्ये झोपतात, आतल्या खोलीत आम्ही तिघं. नवरा करी रोडला उतरून लोअर परळला जातो, मी उलट्या दिशेने ठाण्याला. दोघंही घरी टेकतो तेव्हा साडेआठ वाजलेले असतात. आमच्यात भांडण नाही, सासूबाईंचा त्रास नाही. पण गेल्या वर्षभरात आम्ही एकमेकांशी जे बोललो ते लिहून काढलं, तर दूध, गॅसचा नंबर, मुलीची फी आणि 'चावी घेतलीस ना' यापलीकडे काही निघणार नाही. जेवणं झाली की तो त्याच्या फोनमध्ये, मी माझ्या.

मागच्या महिन्यात मी एक प्रयत्न केला. जोडप्यांनी घरच्या घरी काय काय करावं याचे रील येत असतात, ते बघून. सासूबाई आणि मुलगी नणंदेकडे गेल्या होत्या. मी मेणबत्त्या लावल्या. विझू नयेत म्हणून पंखा बंद केला. तो आला, दारातच थबकला आणि म्हणाला, 'लाईट गेली का?' मग घामाघूम होत आम्ही वरणभात खाल्ला आणि पंखा लावला. मी रात्रभर चिडून जागी, तो घोरत होता. या वयात असले खेळ पोरकट आहेत का? आणि खेळायचं म्हटलं तरी जागा कुठे आहे?"

– एक वाचक, कांजूरमार्ग

अगं, आधी माफी मागते, कारण तुझं पत्र वाचताना मी मोठ्याने हसले. 'लाईट गेली का?' हे वाक्य एखाद्या नाटकात असतं तर थिएटर हसलं असतं. तुम्ही दोघं हसला नाहीत. तुझ्या पूर्ण पत्रात मला काळजी वाटली ती फक्त तेवढ्याची.

तुझ्या मेणबत्त्यांत वाईट काही नव्हतं. फक्त त्यात त्याला करायला काही नव्हतं. सगळी मांडामांड तू केलीस आणि त्याने येऊन खूश व्हायचं होतं. परळहून लटकत आलेल्या माणसाला खूश होणं हेही कामच वाटतं, त्यात त्याला ते काम आहे हेही कुणी सांगितलेलं नव्हतं. खेळ म्हटला की दोघांचे हात त्यात हवेत. शिवाय त्यात दोघंही थोडे बावळट दिसायला हवेत. मेणबत्तीच्या उजेडात आपण चांगले दिसायला बघतो, तिथेच गडबड होते.

पोरकटपणाचं म्हणशील तर जरा आठव. तुमच्या लग्नात परातीत हळदीचं पाणी करून त्यात अंगठी शोधायला लावली होती ना? तू मुठीत सुपारी घट्ट धरायची आणि त्याने एका हाताने ती सोडवायची, मग त्याच्या मुठीतली तू दोन्ही हातांनी. विड्याची सुरळी दातात धरून अर्धी अर्धी तोडायची. दोन्हीकडच्या करवल्या ओरडत होत्या, कुणीतरी हमखास 'ए, चीटिंग!' म्हणालं असेल. आपल्या आज्या-पणज्यांना मानसशास्त्राचं पुस्तक माहीत नव्हतं, पण दोन जवळपास अनोळखी माणसांना एका घरात आणायचं तर आधी त्यांचे हात एका परातीत घालावेत आणि दोघांना एकमेकांसमोर थोडं फजीत होऊ द्यावं, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. मला कायम प्रश्न पडतो की हे खेळ सत्यनारायणाच्या दिवशी संपतात हे ठरवलं कुणी? अंगठी आहे, परात आहे, हळदीचा डबा ओट्यावरच आहे.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आर्थर अ‍ॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेले काही प्रयोग जवळजवळ याच जातीचे आहेत. त्यांनी काही जोडप्यांची मनगटं आणि घोटे एका बाजूने एकमेकांना बांधले आणि त्यांना व्यायामशाळेतल्या गाद्यांवरून रांगायला लावलं. मध्ये एक अडथळा, आणि दोघांच्या मध्ये दाबून धरलेली एक उशी, जी हातांनी किंवा दातांनी धरायची नाही. सात मिनिटांचा कार्यक्रम. दुसऱ्या काही जोडप्यांना नुसता एक चेंडू हळूहळू ढकलत न्यायला सांगितला. नंतर विचारलं तेव्हा रांगलेली जोडपी आपल्या नात्याबद्दल जास्त समाधानी निघाली. मोठ्या माणसांना असं रांगताना बघायला मला फार आवडलं असतं. नवीन, थोडं अवघड आणि थोडं हास्यास्पद काम दोघांनी मिळून केलं की त्यातली मजा नात्याच्या खात्यावर जमा होते, असा त्याचा अर्थ. नेहमीचंच हॉटेल, नेहमीचीच पावभाजी यातून ते होत नाही, पावभाजी कितीही चांगली असली तरी.

तुझ्या घरात गाद्या अंथरून रांगायला सांगत नाही. सासूबाई घाबरतील. पण रविवारी संध्याकाळी थालीपीठ करायचं आहे असं समज. कांदा आणि कोथिंबीर आधी चिरून ठेव, सुरीशी खेळ नको. मग ओट्यापाशी शेजारी शेजारी उभे राहा आणि तुझा डावा हात त्याच्या उजव्या हाताला ओढणीने सैलसा बांध. उरला तुझा उजवा आणि त्याचा डावा. आता भाजणी भिजवा. पाणी त्याने ओतायचं, मळायचं तू. तू 'बस, बस, बस' म्हणेपर्यंत त्याचा हात थांबणार नाही, हे मी आत्ताच लिहून देते, आणि मग वाढीव भाजणीसाठी डबा काढायला तू वळलीस की बांधलेल्या हाताने तोही ओढला जाणार. ओलं फडकं एकाने फिरवायचं, दुसऱ्याने थापायचं. मधली भोकं त्याला पाडू दे. डाव्या हाताने पाडलेली भोकं कशी दिसतात ते बघ. गोल थालीपीठ होणार नाही, कोकणाचा नकाशा होईल. तव्यावर टाकायच्या आधी ओढणी सोडा, हे मात्र विसरू नका. आणि मुलगी 'तुम्ही काय करताय?' म्हणून आत आली तर तिला खरंच सांगा. आईबाबा एकत्र हसतात ही गोष्ट मुलांनी घरात पाहिलेली बरी असते.

आता जागेचं. ती अडचण खरी आहे, मी तुला उपदेश करणार नाही. १९८७ साली माझं लग्न झालं तेव्हा गिरगावच्या चाळीत दीड खोलीत आम्ही सहा माणसं होतो. मोरीला पडदा, दार म्हणून नाहीच. आम्ही दोघं नोकरीला, दोघंही बेस्टने जायचो. तेव्हा कंडक्टर पातळ कागदाची छोटी तिकिटं द्यायचा, त्यावर नंबर असायचा. रात्री घरी आलो की आम्ही आपापल्या तिकिटावरचे आकडे मिळवायचो. ज्याची बेरीज जास्त, त्याला सकाळी आरेच्या केंद्रावर दुधाच्या रांगेला जाण्यापासून सुट्टी. कुणाला कळायचंही नाही. मी तिकीट घड्याळाखाली ठेवायचे, हे आले की त्याच्या शेजारी आपलं ठेवायचे. सासरे समोर पेपर वाचत बसलेले असायचे आणि आमचा सामना चालू. एकदा हे सलग आठ दिवस जिंकले. मला संशय आला, शर्टाचा खिसा बघितला तर आत नऊ तिकिटं. स्टॉपवर पडलेली वेचून त्यातलं बरं निवडून आणत होते. पकडल्यावर चेहरा असा केला की जणू रिझर्व्ह बँक लुटली आहे. त्या आठवड्यात आमचं बोलणं किती झालं असेल? फार नाही. पण दिवसभर माझ्या डोक्यात होतं की आज यांना किती आकडा मिळाला असेल, आणि यांच्याही होतं.

तुमचे पास आणि यूपीआय आले, तिकिटं कुठली असायला. स्टेशनवरून घरी येताना रिक्षाच्या नंबरातले शेवटचे चार आकडे घ्या. हरेल त्याने भांडी घासायची किंवा मुलीचं दप्तर भरायचं. यात बढाई मारायला, खोटं बोलायला आणि पकडायला भरपूर वाव आहे. पुरावा म्हणून फोटो मागायचा नाही, मजा जाते.

आणि आता एक खेळ सांगते तो खास एका खोलीत मूल झोपलेलं असताना खेळायचा. त्याला एक चौरस फूट जागा लागत नाही आणि आवाज शून्य. दिवा मालवला, मुलगी भिंतीकडे झोपली, बाहेर सासूबाईंची मालिका चालू. एकाने पालथं झोपायचं आणि दुसऱ्याने त्याच्या पाठीवर बोटाने एक शब्द लिहायचा. शाळेत बाकावर पुढे बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीवर आपण लिहायचो तोच हा खेळ. ओळखलं तर कानात सांगायचं, मग जागा बदलायची.

आपली लिपी या खेळासाठीच केली आहे असं मला वाटतं. ऱ्हस्व वेलांटी डावीकडून येते म्हणून अक्षर कळायच्या आधी पाठीवर एक कमान फिरते आणि माणूस बुचकळ्यात पडतो. भ आणि म यांच्यातली गाठ पाठीला कळत नाही. तू 'भात' लिहिशील, त्याला 'मात' कळेल. घ आणि ध यांची तीच गत. तू लिहिलंस 'घर' आणि त्याने ओळखलं 'धर' आणि खरोखर हात धरला, तर त्यात कुणाचं नुकसान नाही. सगळी अक्षरं झाली की शेवटी शिरोरेघ. ती एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत सावकाश ओढायची. नियम एकच, दूध, फी, गॅस, सोसायटीचा मेंटेनन्स हे शब्द लिहायचे नाहीत. पाच मिनिटांत दोघांपैकी एक झोपला तर झोपू दे. पाठीवर बोट फिरत असताना झोप लागणं हे तुझ्या त्या रात्रीच्या घोरण्यापेक्षा पुष्कळ बरं.

यात स्पर्श आहे आणि त्याचं पुढे काही व्हायलाच हवं असा दबाव नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. अकरा वर्षांनंतर पुष्कळ जोडप्यांत हात लावणं म्हणजे एक तर 'सरक जरा' किंवा मग थेट 'तसलं' काही, मधलं सगळं गायब झालेलं असतं. मधलं परत आलं पाहिजे. केसांना तेल लावून देणं, लोकलमध्ये उभं राहून दुखलेल्या पोटऱ्या चेपून देणं, यात मोडतं.

प्रश्नांचा खेळ तू रीलमध्ये पाहिला असशीलच. त्याचं मूळही अ‍ॅरन यांच्याकडेच आहे. १९९७ साली त्यांनी ३६ प्रश्न प्रसिद्ध केले. अनोळखी माणसांच्या जोड्यांनी ४५ मिनिटं ते एकमेकांना विचारायचे, साध्यापासून हळूहळू आतल्या गोष्टींकडे जायचं. वरवरच्या गप्पा मारलेल्या जोड्यांपेक्षा हे प्रश्न विचारलेल्या जोड्यांना एकमेकांबद्दल जास्त जवळीक वाटली. पण ते प्रश्न अनोळखी लोकांसाठी होते, आणि छापील यादी घेऊन नवऱ्यासमोर बसलीस तर त्याला अप्रेझलची आठवण येईल. तुमचे प्रश्न तुम्ही बनवा. डब्यातली कुठली भाजी तू आजवर मला न सांगता ऑफिसात दुसऱ्याला देत आलास? सुट्टीच्या दिवशी एकटाच लोकलमध्ये बसलास आणि कुणालाही सांगायचं नसेल, तर कुठल्या स्टेशनवर उतरशील? तू माझ्या जागी असतास तर या घरातली कुठली वस्तू पहिली भंगारात दिली असतीस? रात्री एकच प्रश्न, भांडी घासताना. उत्तर आधी दुसऱ्याने ओळखायचं, मग खरं सांगायचं. सगळ्यात मोठा धक्का बसतो तो इथे. आपल्याला वाटत असतं की ह्या माणसाचं सगळं पाठ आहे, आणि मग कळतं की त्याला पडवळ आवडतच नव्हतं.

एक सावधगिरी. प्रश्नांच्या आडून जुना हिशेब काढायचा नाही. 'गेल्या गणपतीत तुझी बहीण मला जे बोलली, ते तुला कसं वाटलं?' हा खेळातला प्रश्न नाही. तो विचारायचाच असेल तर दुपारी, पोट भरलेलं असताना, सरळ विचार.

कॅरम असेल तर काढा. बोर्ड पलंगाखाली असतोच, नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि राणी जागेवर आहेत का तेवढं बघ. नसेल तर पत्ते. बदाम सात, झब्बू, काहीही. इथे सासूबाईंनाही बसव. त्या चौथा हात म्हणून उत्तम, आणि माझा अनुभव असा की सासवा झब्बूमध्ये अजिबात दया दाखवत नाहीत. मुलीलाही घ्या. मग आठवड्यातून एक संध्याकाळ आजी-नातीला खाली सोसायटीच्या बाकावर किंवा गच्चीवर अर्धा तास जाऊ दे. सासूबाईंना थेट सांगितलंस तरी चालेल. 'आम्हाला जरा बोलायचंय' एवढं पुरे. त्यांनीही कधीतरी एक खोली सहाजणांत वाटली असेल, त्यांना समजावून सांगावं लागत नाही. गच्चीला कुलूप असलं तर सेक्रेटरीकडून चावी आणण्याचं काम नवऱ्याला दे.

आता तो म्हणेल, 'हे काय खूळ?' म्हणू दे. पुरुषांची आपल्याकडे एक पंचाईत आहे. मित्रांबरोबर क्रिकेटच्या स्कोअरवरून ओरडताना त्यांना पोरकट वाटत नाही, बायकोसमोर वाटतं. त्याला बोलावून 'चल, आपलं नातं घट्ट करू या' असं म्हणू नकोस. कुणालाही पळून जावंसं वाटेल, मलाही. नुसता आपल्या रिक्षाचा नंबर सांग आणि विचार, 'तुझा?' पहिल्या दिवशी तो 'का?' म्हणेल. तिसऱ्या दिवशी आपणहून सांगेल. दहाव्या दिवशीही नाही सांगितला, तर मात्र हसतखेळत सोडून दे आणि त्याला विचार की त्याला लहानपणी काय खेळायला आवडायचं. कदाचित तो कबड्डीवाला असेल आणि तू त्याला नाव-गाव-फळ-फूल खेळायला लावत असशील.

अमेरिकेतलेच जॉन गॉटमन यांनी सिअ‍ॅटलमधल्या विद्यापीठात नवविवाहित जोडप्यांना एका फ्लॅटसारख्या जागेत दिवसभर राहायला देऊन त्यांचं निरीक्षण केलं होतं. त्यांनी टिपलं ते अगदी बारीक होतं. एकजण खिडकीतून बघून म्हणतो 'बघ ना, केवढा पक्षी', तेव्हा दुसरा काय करतो? वळून बघतो, की 'हं' म्हणतो, की ऐकतच नाही? सहा वर्षांनी त्यांनी चौकशी केली. गॉटमन सांगतात की एकत्र राहिलेल्यांनी अशा १०० पैकी ८६ हाकांना ओ दिली होती आणि घटस्फोट झालेल्यांनी ३३. ही टक्केवारी भिंतीवर लावून नवऱ्याला मोजत बसू नकोस. मी ती सांगितली ती तुझ्यासाठी. कारण मला शंका आहे की 'लाईट गेली का?' हीसुद्धा एक हाकच होती. गोंधळलेली, बावळट, पण हाक. दारात उभा राहून काहीतरी वेगळं दिसतंय आणि काय करावं कळत नाही, म्हणून तोंडाला आलं ते बोलला. तू 'हो, आणि जनरेटर मीच आहे' म्हणाली असतीस तर रात्र वेगळी गेली असती. तू मेणबत्त्यांसाठी चार दिवस मनात बेत केला होतास, त्यामुळे ते सुचणं शक्य नव्हतं, हेही मला कळतं.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरी भांडण नाही असं नसेल, मारहाण असेल, नवऱ्याची भीती वाटत असेल, तर हे खेळ तुमच्यासाठी नाहीत. १८१ ही महिलांची हेल्पलाईन आहे, तिथे फोन करा.

तुझ्याकडे परत येते. सगळं एकदम सुरू करू नकोस, तो थालीपीठ आणि रिक्षा आणि कॅरम असं वेळापत्रक पाहून ओव्हरटाईम मागून घेईल. फोटो काढून स्टेटसला टाकू नकोस. मेणबत्त्या उरल्या असतील तर देव्हाऱ्याखालच्या खणात ठेव. आज रात्री पंखा पूर्ण वेगात सोड, दिवा बंद कर, आणि त्याला पालथं व्हायला सांग. पाठ दुखतेय का विचारलंस तर लगेच होईल. पहिलं वाक्य काय लिहायचं ते मी सांगते: 'लाईट गेली का?' सावकाश लिही, एकेक शब्द, आणि प्रश्नचिन्हाखालचा टिंब जरा जोरात दे.